दोन बॅटी, एक नळी

१२ जानेवारी २०२५, रविवार

माळा आवरताना डास मारायच्या तीन मेलेल्या बॅटी निघाल्या. आई म्हणाली, भंगारवाल्याला दे. मी दोन ठेवून घेतल्या, एक दिली. म्हणजे शांतता.

आतापर्यंत उघडलेल्या प्रत्येक बॅटीत मेलेली असते ती बॅटरीच. आत काडेपेटीपेक्षा थोडी मोठी ४ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. पावसाळा संपला की बॅट माळ्यावर जाते, सहा-आठ महिने चार्ज होत नाही आणि बॅटरीच्या प्लेटा कायमच्या बसतात. बाकी सर्किट ठणठणीत. दोन्ही बॅटींना बाहेरून ४ व्होल्ट दिले आणि बटण दाबलं. दोन्ही तडतडल्या.

सर्किट म्हटलं तर चार आण्याचं आहे. एक डी८८२ ट्रान्झिस्टर, बोराएवढा फेराइट ट्रान्सफॉर्मर, एक रेझिस्टन्स. ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा स्वतःच चालू-बंद होतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या वेटोळ्यात काहीशे व्होल्ट उठतात. पुढे डायोड आणि कंडेन्सर यांची शिडी. प्रत्येक पायरीला व्होल्टेज चढतं आणि जाळीवर दोन हजारांच्या घरात पोचतं. हीच शिडी, खोलीएवढी मोठी करून, कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ साली केंब्रिजला लिथियमचा अणुगर्भ फोडला आणि १९५१ चं नोबेल मिळवलं. आमच्याकडे तिच्यावर डास भाजतात.

शेवटच्या कंडेन्सरवर २२ नॅनोफॅरड लिहिलंय. साठलेल्या ऊर्जेचं सूत्र ½CV², त्यात २००० व्होल्ट घातले तर ०.०४४ जूल. बोटाला चांगला झटका, शिवी येईल एवढा, पण त्यापलीकडे नाही. ही आकडेमोड आधी केली, मग हात घातला.

खरा धोका जाळीत नाही, चार्जिंगच्या बाजूला आहे. मागून सरकवून बाहेर काढायची ती दोन पिनांची खुंटी, तिच्यामागे ट्रान्सफॉर्मर नसतो. एक कंडेन्सर, चार डायोड, आणि मग थेट बॅटरी. म्हणजे बॅट सॉकेटमध्ये असताना आतलं सगळं सर्किट घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवर लटकलेलं असतं. पहिलं काम तेच केलं: पिना, तो कंडेन्सर, डायोड, सगळं कापून टाकलं. आता या बॅटी भिंतीला कधीच लागणार नाहीत.

करायचं काय, तर गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार टिकटिक करून मोजणारं यंत्र. त्यातल्या नळीला ४०० व्होल्ट लागतात आणि करंट जवळजवळ लागतच नाही. बॅटीचं हे नेमकं जमणारं काम आहे.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी जुन्या बाजारात, दुपारी पुण्यातल्या सुट्या भागांच्या तपकीर गल्लीत. सर्किट डागायला झिरो बोर्ड, १० मेगाओहमचे रेझिस्टन्स मूठभर, ४.७ मेगाओहमचे दोन, बीसी५४७ ट्रान्झिस्टर दहा. सोव्हिएत काळातली एसबीएम-२० गायगर नळी डिसेंबरातच पोस्टाने आलेली आहे. बोटाएवढी लांब, पेन्सिलीपेक्षा किंचित जाड, धातूची. तिच्याकडे मी महिनाभर नुसतं बघत होते.

येताना टीव्हीवाल्या काकांकडे थांबले. त्यांचं दुकान आता मुख्यतः मिक्सर आणि गिझरवर चालतं, पण मागच्या फळीवर पिक्चर ट्यूबवाले चार टीव्ही अजून आहेत. मी विचारलं, एखादा एलओटी द्याल का? एलओटी म्हणजे रंगीत टीव्हीत वीस-पंचवीस हजार व्होल्ट तयार करणारा तो काळा ट्रान्सफॉर्मर. मोठी ठिणगी बघायची हौस, दुसरं काही नाही.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी एका टीव्हीची पाठ उघडली. हा सेट त्यांच्या म्हणण्यानुसार दिवाळीनंतर लावलेलाच नव्हता. लांब स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याला वायर गुंडाळली, वायरीचं दुसरं टोक ट्यूबभोवतीच्या उघड्या वेणीच्या तारेला क्लिपने पकडलं, डावा हात पाठीमागे नेऊन पँटच्या खिशात घातला, आणि ड्रायव्हरचं टोक हळूच त्या लाल रबरी टोपीखाली सरकवलं. टक्. बारीकच आवाज आला, पण आला.

"ताई, काच म्हणजेच कंडेन्सर आहे इथं," ते म्हणाले. "सेट बंद आहे म्हणून ट्यूब बंद आहे असं नसतं."

"आणि हात खिशात का, काका?"

"दुसरा हात चेसीला टेकला तर करंट छातीतून जातो. उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं एवढंच. बाकी सगळं नंतर."

एलओटी घेतला नाही. त्यांनी दिलाही नसता.

मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा कुणी विचारलं तर हे पान दाखवता येईल. त्यालाही दोन हजारांच्या आसपासच व्होल्ट, बॅटीएवढेच. पण बॅट मिलिअँपिअरच्याही खाली रडते, आणि तो ट्रान्सफॉर्मर शेकडो मिलिअँपिअर सहज ढकलतो, पाठीशी सॉकेट असतं. झटका देऊन सोडत नाही, धरून ठेवतो. त्याच्यावर लाकडात विजेची नक्षी जाळायच्या नादात अमेरिकेत कित्येक जण मेले. तिथल्या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत हा प्रकारच बंद केला. व्होल्ट तेवढेच असूनही एकाने डास मरतो आणि दुसऱ्याने माणूस. माझ्या टेबलावर तो येणार नाही.

२६ जानेवारी, रविवार

मोजायचं कसं, यात सबंध सुट्टी गेली.

माझ्या मीटरची मर्यादा १००० व्होल्ट. म्हणून बॅटीची शिडी पहिल्या पायरीनंतर कापली, पुढचे डायोड-कंडेन्सर काढले. ट्रान्झिस्टरच्या बेसचा रेझिस्टन्स वाढवून त्याचा जोरही कमी केला. नळीला मायक्रोअँपिअर पुरतात, बॅटरी कशाला रिकामी करायची? पुढे २० मेगाओहम लावून मीटर टेकवला. २३०. मीटर काढून कंडेन्सर शॉर्ट केला, तर ठिणगी २३० ची वाटेना. ठिणगीवरून व्होल्टेज ओळखायला मी काही उस्ताद नाही, पण डोक्यात किडा शिरला.

चहा पिताना उलगडा झाला. मीटर स्वतः १० मेगाओहमचा असतो. घरातल्या वायरी मोजताना हे काहीच नाही. इथे मात्र २० मेगाओहममधून थेंब थेंब येणाऱ्या करंटपुढे मीटर म्हणजे उघडा नळ. दोन भाग रेझिस्टन्समध्ये, एक भाग मीटरवर. खरं व्होल्टेज तिप्पट, सातशेच्या आसपास. मी जे मोजत होते ते मी मोजतेय म्हणून तेवढं होतं.

मग काडी केली. १० मेगाओहमचे दहा रेझिस्टन्स एकापुढे एक डाग देऊन, रिकाम्या स्केचपेनच्या नळीत ओवून, दोन्ही टोकांना गरम गोंद. १०० मेगाओहम काडीचे, १० मीटरचे. मीटरवर दिसेल त्याला अकराने गुणायचं. दहाच का, एकच मोठा का नाही? कारण साधा पाव वॅटचा रेझिस्टन्स २५० व्होल्टपर्यंतच झेपतो. दहांत वाटले की २००० सुद्धा प्रत्येकाच्या वाट्याला दोनशेच्या आत येतात.

काडीनेसुद्धा पुरवठा थोडा खाली बसतोच. बसू दे. किती बसतो ते आता कळतं.

२ फेब्रुवारी, रविवार

आज टिकटिक ऐकली!

सातशेचे चारशे करायला निऑन वापरले. जुन्या एक्स्टेन्शन बोर्डांतले ते नारिंगी इंडिकेटर. कुठलाही निऑन दिवा एकदा पेटला की आपल्या टोकांवर साठेक व्होल्टच धरून ठेवतो. सहा सिरीजमध्ये लावले की तीनशेसाठ-सत्तर, नळीला चालण्याजोगे. नळीच्या मधल्या तारेला ४.७ मेगाओहम, अगदी टोकाजवळ. लांब वायर मध्ये आली की वायरच कंडेन्सर होते. बाहेरच्या धातूपासून सर्किटच्या 'जमिनी'कडे, म्हणजे उणे वायरीकडे, २२० किलोओहम, तिथून बीसी५४७, आणि मेलेल्या गजराच्या घड्याळातली आवाज करणारी पितळी पिझो चकती.

बटण दाबलं. टिक. टिक. टिक. टिक.

आईला बोलावलं, भाच्याला व्हिडिओ कॉल केला. सेकंदाला दोन, कधी अडीच. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, ही अवकाशातून येणारी किरणं, हे दगडातलं युरेनियम. भाचा म्हणाला, "मावशी, हे घड्याळासारखं वाजतंय."

गजराच्या घड्याळातली चकती आहे म्हणून तसा आवाज येतो, असं मी त्याला सांगितलं.

२ फेब्रुवारी, रात्र

झोप लागेना. पोरगं बरोबर बोललं होतं. अणूला आपल्या आधी कोण फुटलं ते माहीत नसतं. दोन टिका लागोपाठ याव्यात, मग पाच सेकंद काहीच नाही, मग तीन. पत्र्यावर पडणाऱ्या पहिल्या सरीसारखं. इथे तर कवायत चालली होती.

उठले. नळी क्लिपांतून काढून टेबलावर ठेवली. बटण दाबलं.

टिक. टिक. टिक. टिक.

नळीच नाही आणि किरणं येतायत!

मग निऑनची माळ कापली. शांतता.

कारण कागदावर मांडल्यावर लाज वाटावी इतकं सोपं आहे. निऑन साठ व्होल्ट धरतो ते पेटल्यावर; पेटायला त्याला ऐंशी लागतात. माझा करंट इतका तुटपुंजा की माळ पेटलेली राहूच शकत नाही. ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर हळूहळू भरत सहा गुणिले ऐंशीपर्यंत जातो, माळ एकदम पेटते, कंडेन्सर साठांच्या पातळीवर रिकामा करते, विझते. पुन्हा भरणं. दर खेपेला जमिनीच्या वायरीत धक्का, आणि चकती टिक. करंट, कंडेन्सर आणि व्होल्टेजमधला फरक घेऊन गणित केलं, तर ०.४ सेकंदाला एक येतं. म्हणजे सेकंदाला अडीच. मी संध्याकाळभर स्वतःच बनवलेलं घड्याळ विश्वकिरण म्हणून ऐकत होते.

५ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसातून आल्यावर पुन्हा जोडलं, फक्त एक गोष्ट बघायला. माळ टेबलावर उघडी असताना सेकंदाला दोन-अडीच. तिच्यावर बुटांचं खोकं पालथं घातलं की जेमतेम दीड. खोकं उचललं, पुन्हा अडीच.

निऑनला उजेड आवडतो. बाहेरचा प्रकाश आतल्या पत्र्यांवरून थोडेफार इलेक्ट्रॉन उडवून देतो, त्यांच्या आधाराने दिवा लवकर पेटतो. मिट्ट काळोखात त्याला पहिला इलेक्ट्रॉन मिळायला वाट पाहावी लागते, पेटायचं व्होल्टेज वर जातं. समजा मी हे रविवारी तसंच डब्यात बंद केलं असतं, तर डब्यात कमी आणि बाहेर जास्त टिका मिळाल्या असत्या, आणि मी लिहिलं असतं: पुठ्ठा किरणं अडवतो.

भाच्याला मेसेज केला, तुझं बरोबर होतं. त्याने अंगठा पाठवला. फक्त अंगठा.

९ फेब्रुवारी, रविवार

निऑनची हकालपट्टी. १०० व्होल्टचे चार झेनर, म्हणजे ठरलेल्या व्होल्टलाच उघडणारे डायोड, सिरीजमध्ये. चारशे झाले की झेनरमधून करंट झिरपतो, तो एका बीसी५४७ च्या बेसला जातो, आणि तो बॅटीच्या डी८८२ चा बेस खाली ओढतो. पोट भरलं की ताट सरकवून ठेवणारा माणूस. बॅटीचा ऑसिलेटर, म्हणजे ते चालू-बंद होणं, थांबतो, व्होल्टेज किंचित उतरतं, पुन्हा चालू. बॅटरीतून जाणारा करंट दहाव्या हिश्श्यावर आला.

काडीवर ३६.५. गुणिले अकरा, चारशेएक. पाच टक्केवाल्या रेझिस्टन्सकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

नळी काढली: दहा मिनिटं पूर्ण शांतता. ही दहा मिनिटं मी हातात घड्याळ धरून बसले.

नळी लावली. टिक. … टिकटिक. ……… टिक. … टिक. ………………… टिकटिक टिक.

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "बिघडलं का गं?"

१६ फेब्रुवारी, रविवार

टिका मोजायला कॅल्क्युलेटर. भाजीच्या हिशोबाचा, आठ आकडी. त्यात १ मग + दाबायचं, आणि पुढे प्रत्येक = ला आकडा एकाने वाढतो. सगळ्या कॅल्क्युलेटरांत होत नाही. दुकानात उभं राहून तीन दाबून बघावे लागले. दुकानदाराला वाटलं मला बेरीज येत नाही.

= च्या बटणाखालच्या दोन पट्ट्यांना केसाएवढ्या वायरी डागल्या. मध्ये पीसी८१७ ऑप्टोकपलर. मेलेल्या मोबाइल चार्जरमधून काढलेला. नळीची टिक त्यातला एलईडी लावते, पलीकडची बाजू बटण दाबते. टिक फारच छोटी असते, कॅल्क्युलेटरला दिसतच नाही, म्हणून कंडेन्सरने ताणून लांब केली.

उणीव एक राहिली: बटण दाबून सोडल्याची खात्री पटायला कॅल्क्युलेटरला वेळ लागतो. दोन टिका फार जवळ आल्या तर दुसरी तो गिळतो. मिनिटाला वीस-तीसला हरकत नाही. दोनशेला मात्र तो खोटं बोलेल, आणि नेहमी कमीच सांगेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

सगळं एका जेवणाच्या डब्यात बसवलं. दिवसभर दहा-दहा मिनिटांच्या मोजण्या.

बैठकीची खोली: २१४, १९८, २२६, २०९. यातला फरक बिघाड नाही. २१४ चं वर्गमूळ साडेचौदा. इतकं वरखाली होणारच. मिनिटाला एकवीस धरते. सपाट ठेवलेल्या दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला एक म्यूऑन, म्हणजे विश्वकिरणांतून जन्मलेला कण, आकाशातून येतो आणि आडव्या नळीची वरून पडणारी सावली नऊ चौरस सेंटिमीटरची. म्हणजे एकवीसपैकी आठ-नऊ टिका वरच्या, बाकी जमिनीच्या आणि भिंतींच्या.

स्वयंपाकाचा ओटा: २०८. काहीच नाही! ग्रॅनाइट किरणोत्सारी असतो असं वाचून मी आशेने नळी ठेवली होती. पण ओट्याचा काळा 'ग्रॅनाइट' बहुधा ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो किंवा डोलेराइट असे दुसरेच काळे खडक असतात. खरा ग्रॅनाइट लालसर, करडा, ठिपक्यांचा. आणि आपण राहतो ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर. त्या गोठलेल्या लाव्हाच्या खडकात, बेसॉल्टमध्ये, पोटॅशियम, थोरियम, युरेनियम तिन्ही कमी. किरणांच्या बाबतीत पुणं कंटाळवाणं गाव आहे.

मग आजोबांची गॅसबत्ती. गावाकडच्या वराती, कीर्तनं आणि रात्रीची मळणी तिने पाहिलेली. बत्तीच्या पेटीत मॅंटलचं न फोडलेलं पाकीट सापडलं. हे रेशमी पिशवीसारखं जाळं जळून राख होतं आणि राखच पांढरीशुभ्र तापते; ती राख म्हणजे ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सेरियम. व्हेल्सबाख नावाच्या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाचं १८९१ चं हे मिश्रण पुढे शंभर वर्षं जगभर जळलं. आता नव्या मॅंटलांत बहुधा यिट्रियम घालतात.

पाकीट न फोडता नळीवर ठेवलं. पिझो टिकटिक सोडून खरखरायला लागली. दहा मिनिटांत कॅल्क्युलेटर १,९३०. मिनिटाला १९३, आणि गिळलेल्या वेगळ्या.

आईने पाकीट बाहेरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायला लावलं. डब्यावर तिने स्वतः मार्करने लिहिलं: खायचं नाही. खरं तर फोडून त्याची धूळ नाकात जाऊ देणं हाच त्यातला धोका, पण तिची पाटी पुरेशी आहे.

९ मार्च, रविवार

दुसरी बॅट. हिची शिडी शाबूत ठेवली, कारण हिचं काम वेगळं.

जर्मनीत व्होल्फेनब्यूटेल नावाचं छोटं गाव. तिथल्या शाळेत एल्स्टर आणि गाइटेल हे दोन मित्र विज्ञान शिकवायचे. १९०१ साली त्यांनी मोकळ्या हवेत एक तार टांगली, तिला काही हजार व्होल्ट ऋण ठेवलं आणि काही तासांनी ती तपासली. तार किरणोत्सारी झाली होती. तारेत काही नव्हतं, ते हवेतून आलं होतं: जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी रेडॉन वायू, त्याचा अणू फुटला की मागे राहणारी पोरं. ही पोरं जन्मतः बहुतेक धनभारित असतात, म्हणून ऋण तारेला जाऊन चिकटतात.

मास्तरांना काही हजार व्होल्ट मिळवायला काय कष्ट पडले असतील. माझ्याकडे बॅट आहे.

जिन्याखालच्या खोलीत, जिथे सोसायटीचे झाडू आणि जुने कुलर असतात, पंख्याच्या मोटरमधली चार मीटर बारीक तार नायलॉनच्या दोऱ्यांवर ताणली. बॅटीच्या तोंडाशीच १० मेगाओहम लावले. कुणाचा चुकून हात लागला तरी ०.२ मिलिअँपिअरच्या वर काही निघणार नाही. दारावर पाटी आणि कुलूप, किल्ली माझ्याकडे. बटणाला रबरबँड.

पाऊण तासात बॅटरी संपली आणि डी८८२ ला बोट लावता येईना. बॅट अर्ध्या सेकंदाच्या कामासाठी बनलेली असते, मी तिला रात्रपाळीला लावली. बेसचा रेझिस्टन्स वाढवून, दोन चार्जेबल पेन्सिल सेलवर पुन्हा. आता काडीवर १२८, म्हणजे साधारण १४००. तीन तास ठेवलं. तार ओल्या टिश्यूने पुसली, टिश्यूची घडी नळीवर. दहा मिनिटं: २१९.

म्हणजे काही नाही.

१६ मार्च, रविवार

आठवडाभर रेडॉनला नावं ठेवली. चूक माझी. बॅटीच्या जाळ्यांवर अधिक-उणे लिहिलेलं नसतं, आणि मी पोरांना हाकलत होते. तार धन होती. काडी उलटी लावून बघायला दहा सेकंद लागले असते.

वायरी बदलल्या. धन बाजू नळाच्या लोखंडी पाइपला, ऋण तारेला. तीन तास. टिश्यू.

४१२.

मग दर दहा मिनिटांनी: ३७७, ३३६, ३२१, २९०, २८१. नेहमीचे २१४ वजा केले तर १९८ वरून अर्ध्या तासात १०७. रेडॉनच्या पोरांतली शिसं-२१४ सत्तावीस मिनिटांत आणि बिस्मथ-२१४ वीस मिनिटांत निम्मी होतात. एकामागून एक असल्यामुळे दोघांची मिळून घसरण साधारण अर्ध्या तासाची. टिश्यूवर धूळ, ओल, कुलरचा वास काहीही असेल, पण अर्ध्या तासात निम्मं व्हायचं त्यातल्या कुणालाच कारण नाही.

दुपारी भाचा आला होता. त्याने फुगा फुगवला, आजोबांच्या लोकरीच्या मफलरवर वीस-तीसदा घासला आणि त्याच खोलीत दोऱ्याला टांगला. चाळीस मिनिटांनी हवा सोडून चोळामोळा नळीवर ठेवला.

६५५.

माझी बॅट, शिडी, काडी, जर्मन मास्तर सगळे एका बाजूला आणि पाच रुपयांचा फुगा एका बाजूला. घासलेला फुगा हजारांच्या किती पटीत जातो ते मोजायला माझ्याकडे काही नाही. काडी टेकवली की त्याचा भार निघून जातो. शिवाय रबर घासल्यावर आपसूक ऋण होतं. त्याला वायरी उलट लावता येत नाहीत.

भाच्याने या वेळी अंगठा प्रत्यक्ष दाखवला.

२० मे, मंगळवार

संध्याकाळी वळीव कोसळला. रस्ते, पार्किंग, सगळं पाणी. हवा दमट, फुगा आता घासला तरी भार धरत नाही. तारेचंही तेच, नायलॉनच्या ओल्या दोऱ्यांवरून व्होल्ट गळून जातात. दोन्ही बॅटी कपाटात.

पण रेडॉनची पोरं ढगातल्या थेंबांनाही चिकटतात. पाऊस थांबल्याथांबल्या खाली पळाले आणि शेजाऱ्यांच्या गाडीचं बॉनेट दोन टिश्यूंनी पुसलं. शेजारी गॅलरीतून बघत होते. मी म्हटलं, "काका, धूळ बघतेय." ते म्हणाले, "काच पण पूस मग."

काच पण पुसली.

७.१० : ८८०
७.२५ : ७११
७.४० : ५६३
८.१० : ३७५
९.१० : २५७
९.४० : २३१

तारेला तीन तास आणि दोन सेल लागले होते. ढगाने वीस मिनिटांत तिपटीहून जास्त दिलं.

वह्या आवरत होते तेवढ्यात आई आली. पावसाने डास आत शिरलेत, बॅट कुठाय? एकीत चारशे व्होल्ट आणि झेनर, दुसरीत जाळीच नाही. उद्या नवी आणायची ठरलीय. पैसे माझे, आणि ती तिच्या खोलीत राहणार.

आत्ता ती वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन बसलीय.